रात्री तीन वाजता बंद पडणारा हीटर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय की कॅनडात तू नक्की काय करतोस ते सांग, पण जेवणानंतरची वेळ आहे, कुणाला झोप लागता कामा नये. मी ट्रकच्या केबिनमधले डिझेलवर चालणारे हीटर दुरुस्त करतो. आपल्या वीरमध्ये मे महिन्यात पंख्याखाली बसूनही अंगाच्या धारा लागतात. अशा गावात हीटरवर भाषण म्हणजे समुद्रकाठी मीठ विकण्यासारखं आहे. तरी ऐकून घ्या. मला बोलायचंय ते बिघाड कसा शोधतात याबद्दल. आणि शेवटी एक गोष्ट तुमच्या प्रत्येकाच्या न्हाणीघराशी येऊन पोचणार आहे.

माझा प्रवास थोडक्यात सांगतो. दहावीनंतर आयटीआय केलं, मग हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये हात काळे केले. त्यानंतर आपल्या महाड-पोलादपूरच्या शेकडो मुलांसारखा आखातात गेलो. तिथे बारा वर्षं ट्रकचे एसी दुरुस्त केले. तिथून कॅनडात विनिपेगला. आखातात ड्रायव्हर म्हणायचा, "केबिन गार कर." विनिपेगचा म्हणतो, "केबिन गरम कर." काम तेच, फक्त तक्रार उलटी.

विनिपेगला जानेवारीत रात्री पारा उणे ३०च्या खाली जाणं ही काही बातमी नसते. कधी उणे ४०ला टेकतो. आपल्या विज्ञानाच्या सरांनी फॅरनहाइट आणि सेल्सिअस कुठे एक होतात हे गणित घातलं होतं, आठवतंय? उत्तर उणे ४०. ते उत्तर मी अंगावर घेऊन पाहिलंय.

तिथला ट्रकवाला आठवडा आठवडा केबिनमध्येच झोपतो. सीटच्या मागे त्याची बर्थ असते. रात्रभर ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवलं, तर तासाला साधारण तीन लिटर डिझेल जातं. दहा तासांत तीस लिटर, शिवाय इंजिनाची झीज आणि धूर. म्हणून बर्थखाली किंवा सामानाच्या कप्प्यात एक छोटा हीटर बसवतात. डब्याएवढं यंत्र, ताकद साधारण दोन किलोवॅट. रात्रभरात दीड-दोन लिटर डिझेल पितो आणि केबिन उबदार ठेवतो. हे हीटर बनवणाऱ्या दोन जुन्या कंपन्या जर्मनीतल्या. एबरश्पेशर १८६५ सालची आणि वेबॅस्टो १९०१ सालची. दोन्हींचा जन्म एसलिंगन या एकाच गावातला. वेबॅस्टो हे नावही मजेदार आहे. विल्हेल्म बायर हा संस्थापक आणि श्टॉकडॉर्फ हे गाव, या तीन शब्दांची अक्षरं जोडून ते तयार झालंय.

आता हा हीटर चालतो कसा? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पितळी स्टोव्ह होता, त्यांना निम्मं उत्तर आधीच माहीत आहे. स्टोव्ह पेटवताना आधी काकडा लावून बर्नर तापवायचा. बर्नर तापला की रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत धरते. घाई केली, बर्नर नीट तापलाच नाही, तर पिवळा जाळ, काजळी आणि घरभर धूर. हीटरमध्ये काकड्याच्या जागी ग्लो पिन असते. ती विजेवर लालबुंद होते. एक छोटा पंप टक्‌-टक्‌ आवाज करत थेंब थेंब डिझेल पाठवतो. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. डिझेलची वाफ होते, पेट घेते, ज्योत धरली की ग्लो पिन बंद होते. मग ज्योत टिकली आहे की नाही यावर एक सेन्सर नजर ठेवतो.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हीटरमध्ये दोन हवा असतात. जळणाला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर होऊन एका पाइपातून बाहेर जाते. केबिनमधली हवा तापलेल्या धातूच्या पात्यांवरून फिरते आणि पुन्हा केबिनमध्ये येते. या दोन हवांची भेट कधीही व्हायची नाही. दोघींमध्ये एकच धातूची भिंत आणि काही जोड असतात.

हीटर बिघडला की तो कोड देतो. स्विचवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, किंवा पडद्यावर आकडा येतो. नवीन मेकॅनिकला वाटतं, आकडा म्हणजे उत्तर. "ज्योत विझली" असा कोड आला की तो ग्लो पिन बदलतो. परत तोच कोड आला की पंप बदलतो. तिसऱ्यांदा आला की कंट्रोलरच बदलतो. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो आणि बिघाड जागच्या जागी राहतो. कारण कोडने इतकंच सांगितलेलं असतं की ज्योत विझली. का विझली, हे त्याला ठाऊक नसतं. आईला ताप थर्मामीटरवर कळतो, पण मूल पावसात भिजलं होतं हे थर्मामीटर सांगत नाही.

माझी शोधण्याची पायरी ठरलेली आहे. सगळ्यात आधी वीज. ग्लो पिन सुरुवातीला आठ-दहा अँपिअर ओढते. थंडीत बॅटरी मरगळते. उणे १८ अंशांना तिची ताकद साधारण निम्म्यावर येते. नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट दाखवते आणि आपण म्हणतो, उत्तम. पण हीटर पेटायच्या क्षणी, हीटरच्याच जोडावर मोजा. तिथे साडेदहाच्या खाली आकडा गेला की हीटर स्वतःहून बंद होतो. दोष कधी बॅटरीचा, कधी गंजलेल्या एखाद्या जोडाचा असतो. आपल्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला गंज शोधायला शिकवावं लागत नाही.

दुसरं इंधन. पंप टक्‌-टक्‌ करतोय म्हणजे डिझेल येतंयच असं नाही. नळी काढून ठरावीक वेळात किती डिझेल पडतं ते मापात धरून बघायचं. टाकीतला हीटरचा पाइप मुद्दाम तळापर्यंत नेलेला नसतो. म्हणजे हीटरने रात्रभर पिऊन टाकी कोरडी केली आणि सकाळी गाडी अडली, असं होत नाही. त्यामुळे टाकी पाव भागाच्या खाली गेली की हीटर रुसतो. तो बिघाड नव्हे, ती सोय आहे.

तिसरं हवा आणि धूर. आत येणारं आणि बाहेर जाणारं तोंड बर्फाने, चिखलाने, उन्हाळ्यात गांधीलमाशीच्या घरट्याने बुजतं. धुराचा पाइप मध्येच लोंबला तर त्यात पाणी साचतं आणि गोठतं. धूर पांढरा असेल तर डिझेल न जळता जातंय. काळा असेल तर हवा कमी पडतेय. चौथं, केबिनमध्ये ऊब सोडणारं तोंड. त्यावर कुणी कांबळं टाकलं की यंत्र तापून बंद पडतं. हे सगळं पाहून झालं की मगच हीटर उघडायचा.

एक सल्ला मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो. हीटर सतत मंद आचेवर ठेवू नका, आत काजळी धरते. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा, उन्हाळ्यातसुद्धा. आणि बंद केल्यावर तीन-चार मिनिटं त्याचा पंखा फिरत राहतो, तेवढ्यात बॅटरीचा खटका ओढू नका. त्याला निवायला वेळ द्या.

आता एक खरी केस सांगतो. एक पंजाबी ड्रायव्हर आला. हीटर रात्री तीनच्या सुमारास बंद पडायचा. रोज नाही, काही ट्रिपांनाच. कोड तोच, ज्योत विझली. आधी दोन गॅरेजमध्ये त्याची ग्लो पिन, पंप आणि कंट्रोलर बदलून झाले होते. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये हीटर मस्त चालायचा आणि रस्त्यावर पहाटे दगा द्यायचा. थंडीत कुडकुडत उठून तो इंजिन चालू करायचा. इंजिन मात्र लगेच सुरू व्हायचं, म्हणून इंधनावर कुणाचा संशयच जात नव्हता.

मी कोड वाचायचं यंत्र बाजूला ठेवलं आणि त्याला चहा दिला. विचारलं, कुठल्या ट्रिपांना होतं? थोडा आठवून तो म्हणाला, टेक्सासहून परत येताना. जाताना कधीच नाही. डिझेल कुठे भरतोस? तिकडेच, स्वस्त पडतं म्हणून टाक्या भरून घेतो, मग वाटेत थोडंफार.

आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली गोठते ना, तसंच डिझेलचं आहे. त्यात मेण असतं, मेणबत्तीचंच भावंड. थंडी वाढली की त्याचे बारीक कण तयार होतात. म्हणून थंड मुलखात हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं. आपल्या देशातही इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. टेक्सासच्या पंपावर तशा डिझेलची गरज नसते, म्हणून तिथे सहसा साधंच मिळतं.

मी त्याच्या टाकीतलं डिझेल एका बाटलीत घेतलं, आमच्या इथल्या पंपावरचं दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही बाटल्या रात्रभर आवारात टांगल्या. ट्रकही बाहेरच उभा केला, कारण गॅरेजच्या उबेत मेण वितळून जातं आणि पुरावाच नाहीसा होतो. सकाळी आमची बाटली स्वच्छ होती. त्याची तांदळाच्या पेजेसारखी गढूळ झाली होती. हीटरच्या पंपाच्या तोंडाशी असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या गाळणीत पांढरं लोण्यासारखं काहीतरी अडकलं होतं. इंजिनाची नळी जाड, त्याचा फिल्टर तापवलेला, म्हणून ते चालायचं. हीटरची नळी बारीक आणि उघड्यावर. संध्याकाळी टाकी कोमट असायची तोवर ठीक. पहाटेपर्यंत ती निवायची आणि मेण गाळणीत बसायचं. घड्याळात तीन का वाजायचे, याचंही उत्तर मिळालं.

त्या दिवशी बिल झालं एका गाळणीचं. औषध एवढंच की उत्तरेकडे निघण्याआधी टाकीत हिवाळी डिझेल भरायचं.

हे सांगताना मला नेहमी आपल्याच तालुक्यातले एक डॉक्टर आठवतात. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळी आपल्याकडे विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. बावसकर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि लक्षणं टिपत गेले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. विषाचा घाला हृदयावर होतो हे त्यांनी त्या नोंदींतून दाखवलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुठे बिरवाडी आणि कुठे लॅन्सेट! मी काही डॉक्टर नाही. पण महाडच्या मातीतला धडा एकच आहे. यंत्राला विचारण्याआधी माणसाला विचारा, आणि जे दिसतं ते लिहून ठेवा.

दुसरी केस याहून महत्त्वाची. नवरा-बायको, दोघंही ट्रक चालवणारे. ते नुसतं ऑइल बदलायला आले होते. हीटरची तक्रार नव्हती, कोड नव्हता, केबिन छान गरम. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर डोकं फार दुखतं, मळमळतं. दुपारपर्यंत बरं वाटतं. दोघांनाही फ्लू झाला असणार." मी विचारलं, "घरी झोपता तेव्हाही दुखतं?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "नाही. घरी नाही दुखत."

मी ऑइलचं काम थांबवलं आणि केबिनच्या जमिनीखाली शिरलो. हीटरच्या धुराच्या पाइपचा क्लॅम्प ढिला झाला होता. जमिनीतून पाइप जातो तिथलं रबर जुनं होऊन फाटलं होतं. ज्या दोन हवा कधीही भेटायच्या नाहीत असं मी मघाशी म्हटलं, त्या रोज रात्री त्यांच्या बर्थखाली भेटत होत्या. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने त्याला चिकटतं. माणूस झोपेतच गुंगतो आणि उठत नाही. त्यांचं डोकं दुखत होतं हे त्यांचं नशीब. मी त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात तपासून यायला लावलं, नवा पाइप आणि रबर बसवलं, आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय गाडी बाहेर सोडली नाही.

मित्रांनो, त्या हीटरने कोड का दिला नाही? कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं. ज्योत नीट, पंखा नीट, व्होल्टेज नीट. यंत्र फक्त स्वतःच्या तब्येतीची खबर देतं. शेजारी झोपलेल्या माणसाची खबर त्याच्याकडे नसते. ती माणसानेच माणसाला विचारावी लागते.

आता तुमच्या न्हाणीघराकडे येतो. गॅस गिझर आज घरोघरी आहेत. बाथरूम छोटी, दार लावलेलं, थंडी म्हणून खिडकीही बंद. गिझर आतली हवा घेतो आणि जळलेली हवा आतच सोडतो. प्राणवायू कमी पडला की तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आंघोळीला गेलेलं धडधाकट माणूस आत कोसळल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. लोक म्हणतात, हार्ट अटॅक आला असेल. कॅनडातल्या त्या दोघांना जशी फ्लूची शंका आली, तसंच.

म्हणून चार गोष्टी सांगतो. एक, गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि पाणी पाइपाने आत न्या. ते होईपर्यंत आधी बादली भरा, गिझर बंद करा आणि मग आंघोळीला जा. दोन, महाबळेश्वरला गेलात तर पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. पुरात वीज गेली तर जनरेटर घराबाहेर लावा. पडवीत नको, जिन्याखाली नको. तीन, हायवेला गाडी बाजूला घेऊन, काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड चिखलात किंवा पाण्यात असेल तर मुळीच नको. चार, एकाच घरातल्या दोन माणसांचं डोकं एकाच वेळी दुखतंय आणि बाहेर गेल्यावर थांबतंय, असं दिसलं की आधी दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि डॉक्टरांना सांगा. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला, तो इथे उपयोगाचा नाही. त्याला हा वायू ओळखता येत नाही आणि तो आकडा चांगलाच दाखवतो. तोही त्या हीटरसारखाच, "सगळं ठीक" म्हणणारा.

मला इथे बसलेल्या गुरुजनांचे आभार मानायचे आहेत. प्रयोगवहीत आपण लिहायचो, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. सर निरीक्षणाआधी अनुमान लिहिलेलं पान लाल शाईने खोडायचे. पुस्तकात उत्तर आहे म्हणून लिहिलं, असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्या दोन बाटल्या मी आवारात टांगल्या, तो सरळ आपल्या प्रयोगशाळेतलाच प्रयोग होता. साहित्यात फक्त उणे तापमान तेवढं वेगळं.

रोह्याहून वीरपर्यंत कोकण रेल्वे १९९३ मध्ये आली आणि गावातली पोरं लांब लांब गेली. कुणी आखातात, कुणी पुण्या-मुंबईत, कुणी सैन्यात, मी बर्फात. आज इतक्या वर्षांनी सगळे एका मांडवाखाली आहोत. जेवणाच्या पंगतीत मला कुणी हीटरबद्दल विचारलं नाही तरी चालेल. पण एकमेकांना एवढं जरूर विचारा, "तुझ्या घरी गिझर कुठे बसवलाय?" उत्तर "बाथरूममध्येच" असं आलं, तर त्याचा हात धरून माझ्याकडे आणा. मी अजून आठ दिवस गावातच आहे आणि माझी हत्यारांची पेटी बरोबर आणली आहे.